लोक अभिरक्षक म्हणजे मोफत वकिलाची सेवा, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

ज्यांच्या घरचं माणूस आत्ता या क्षणी पोलीस स्टेशनला बसवून ठेवलंय आणि जे घाईघाईत हे वाचतायत त्यांनी आधी १५१०० ला फोन लावा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. आणि माणसाला घरातून किती वाजता नेलं ते घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा. बाकीचं नंतर सावकाश वाचलं तरी चालेल.

मी अंगणवाडी सेविका आहे. माझा धाकटा भाऊ एका गोडाऊनला मालाची आवक-जावक लिहायला आहे. तिथून तांब्याच्या वायरची काही बंडलं कमी भरली आणि मालकाने तक्रार दिली, त्यात तीन जणांची नावं होती, त्यात ह्याचं एक. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या शनिवारी रात्री फक्त एवढंच दिसलं की जेवणाच्या ताटावरून त्याला उठवलं, दोघं साध्या कपड्यात आणि एक वर्दीत, वर्दीवर नावाची पट्टी नव्हती. आई विचारतेय की कशासाठी नेताय, तर "चौकशी आहे मावशी, तासाभरात सोडतो". मी समोरच राहते, आईचा आवाज ऐकून धावत आले तेव्हा गाडी वळत होती. ९ वाजून ४० मिनिटं. मी ते अंगणवाडीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. का लिहिलं तर सवय, आम्हाला दिवसभर वजनाचं रजिस्टर, आहाराचं रजिस्टर, हजेरी, सगळं वेळच्या वेळी लिहावं लागतं, हात आपोआप वहीकडे गेला. पुढे ह्या एका पानाने जे काम केलं ते मी सांगतेच.

११.१० ला मी आणि नवरा पोलीस स्टेशनला पोचलो. ठाणे अंमलदार म्हणाले अटक नाहीये, चौकशी चालू आहे, सकाळी या. मी म्हटलं अटक नाही तर मग घरी का जाऊ देत नाही. "ते साहेबांना विचारा." साहेब कधी येणार? सकाळी. भेटू दिलं नाही, डबा पण आत घेतला नाही. एका महिला कॉन्स्टेबलने मला पाणी दिलं आणि हळू आवाजात सांगितलं की मारलेलं नाही, बसवून ठेवलंय फक्त, ताई तुम्ही रडू नका. तिचे उपकार मी विसरणार नाही. १.१५ ला आम्ही घरी आलो, झोप कुणालाच नाही.

रविवारी सकाळी मला आठवलं की आमच्या प्रशिक्षणात एकदा कायदेविषयक शिबिर झालं होतं आणि त्याचं माहितीपत्रक मी बायकांना वाटायला म्हणून ठेवलं होतं. बायकांच्या छळाच्या केससाठीच हे असतं असा माझा समज होता. पत्रक शोधलं, १५१०० लावला, फोन उचलला, नाव गाव पोलीस स्टेशन विचारलं, आणि त्यांनी जिल्ह्याला कळवलं. पावणेअकराला मला एका वकील मॅडमचा फोन आला, मी लोक अभिरक्षक कार्यालयातून बोलतेय, तुम्ही किती वाजल्यापासून काय झालं ते सांगा. मी वहीतलं वाचून दाखवलं.

इथे एक गोष्ट सांगते कारण आमच्या गल्लीत सगळ्यांचा हाच घोळ झाला. लोक म्हणाले सरकारी वकील कशाला घेताय, तो तर पोलिसांच्या बाजूचा असतो. सरकारी वकील वेगळा, तो खरंच सरकारच्या बाजूने केस चालवतो. लोक अभिरक्षक म्हणजे आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील, ज्याला पगार विधी सेवा प्राधिकरण देतं, आणि तो पूर्ण वेळ फक्त हेच काम करतो, खासगी केस घेत नाही. आणि हे मिळायला गरीब असल्याचा दाखला लागतोच असंही नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये यादी आहे, त्यात बायका, मुलं, अनुसूचित जाती जमाती, अपंग, कामगार आणि कोठडीत असलेला कुणीही माणूस येतो. कोठडीत आहे ना, मग उत्पन्न कितीही असो. हे सगळ्यांना पाठ पाहिजे असं मला आता वाटतं.

मॅडम दुपारी एकला स्टेशनला आल्या, स्वतःच्या स्कूटरवर. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी आवाज चढवला नाही, भांडण केलं नाही. अंमलदारांना एवढंच म्हणाल्या, "साहेब, अटक नसेल तर त्याला माझ्याबरोबर घरी पाठवा, आणि अटक असेल तर कागद दाखवा." मी रात्रभर जे सांगायचा प्रयत्न करत होते ते ह्या एका वाक्यात आलं. दोन्हीतलं एक तरी करायला लागणारच, मधली अवस्था कायद्यात नाहीच. मग आत फोन झाले, बाहेर फोन झाले, आम्ही बाकावर. मॅडमनी एक छोटा अर्ज लिहून दिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३८, म्हणजे चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं (पूर्ण वेळ शेजारी बसू देत नाहीत पण भेटता येतं), आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, वेळेसकट. मग दहा मिनिटं भेट मिळाली. मॅडमनी भावाला सांगितलं की कोऱ्या कागदावर सही करायची नाही, जे माहीत आहे तेवढंच बोलायचं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणी करू शकत नाही, ते संविधानाच्या कलम २० मध्ये आहे. भाऊ मला नंतर म्हणाला की ताई, मॅडम गेल्यावर त्यांची बोलायची पद्धतच बदलली, अरे-तुरे बंद झालं.

संध्याकाळी ६ वाजता अटक दाखवली. म्हणजे माणूस शनिवारी रात्री ९.४० ला नेला आणि कागदावर रविवारी संध्याकाळी ६.

हे २४ तासांचं प्रकरण मला तोपर्यंत सिनेमात ऐकल्याएवढंच माहीत होतं, ते नीट सांगते. संविधानाचं कलम २२ म्हणतं की अटक केलेल्या माणसाला अटकेचे आधार, म्हणजे नेमकं कशावरून धरलं ते, लवकरात लवकर सांगायचे, त्याला त्याच्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जवळच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय त्याच्या पुढे एक मिनिट ठेवता येत नाही. म्हणजे पोलीस अटक करू शकतात, तो अधिकार त्यांना आहे, पण ठेवायचं की नाही हे ज्याने पकडलं त्याने ठरवायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी, पोलिसांच्या हाताखाली नसलेल्या माणसाने ठरवायचं. आता हे २४ तास कधीपासून मोजायचे, अटक पंचनाम्यावर वेळ लिहिली तेव्हापासून की माणसाला जागचं हलू द्यायचं बंद केलं तेव्हापासून? मुंबई हायकोर्टाने १९९० मध्येच सांगितलेलं आहे की माणसाचं स्वातंत्र्य जिथे थांबलं तिथे अटक सुरू झाली, कागदावर काय वेळ टाकली त्याने फरक पडत नाही. तरी हे होतं, कारण बहुतेकांकडे खरी वेळ सिद्ध करायला काहीच नसतं.

सोमवार. इथून माझा कापलेला स्टार सुरू होतो. मी सकाळी साडेनऊला कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात गेले तर टेबलावरच्या कारकुनाने उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आणा, प्रतिज्ञापत्र करा असं सांगितलं. मी म्हटलं भाऊ कोठडीत आहे. "हो पण दाखला लागतोच." एक तास मी तलाठी, सेतू केंद्र, स्टॅम्प असं डोक्यात फिरवत बसले. शेवटी मॅडम रिमांडच्या (माणसाला पुढे कोठडीत ठेवायचं की नाही ते ठरवायच्या सुनावणीच्या) कामातून धावत आल्या आणि म्हणाल्या की ह्यांना काहीही लागत नाही, कलम १२ बघा. तो माणूस वाईट नव्हता, त्याला माहीतच नव्हतं, पण ज्या टेबलावर हे रोज चालतं तिथेच माहीत नसेल तर जी बाई दाखला आणायला गेली आणि परत आलीच नाही तिचं काय. दुसरं म्हणजे कार्यालय रविवारी बंद होतं, लोक तर शुक्रवारी शनिवारी रात्रीच उचलले जातात. आमच्यापर्यंत वकील पोचला कारण माझ्याकडे तो नंबर होता. तिसरं, पोलीस स्टेशनमध्ये मोफत वकिलाचा बोर्ड आहे, मी पाहिला, लोखंडी कपाटाच्या मागे अर्धा झाकलेला. आणि कोर्टाबाहेर एक माणूस भेटला जो म्हणाला फुकटचे वकील काम करत नाहीत, पाच हजार द्या, खर्च लागतो आतमध्ये. असं कुणी मागितलं तर देऊ नका आणि सरळ कार्यालयात जाऊन सांगा.

भावाला पावणेतीनला आणलं. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याच्या हातात एक कागद देऊन सही घेतली. ३.१० ला पुकारा झाला.

ह्या कागदावरून जे झालं ते मला वाटतं ह्या सगळ्या अनुभवातलं सर्वात महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहिते. कागदावर छापील मजकूर होता, आरोपी पुरावा नष्ट करण्याची शक्यता, साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता, तपासकामी आवश्यक, आणि खाली भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, म्हणजे नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मॅडमनी कोर्टाला दाखवलं की ही अटकेची कारणं आहेत, अटकेचे आधार नाहीत. कारणं कुठल्याही आरोपीला लावता येतात, नाव बदललं की झालं. आधार म्हणजे ह्याच माणसाने नेमकं काय केलं असं तुम्हाला वाटतं, कुठल्या दिवशी, कशावरून वाटतं, ज्याला उत्तर देता येईल असं काहीतरी. सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये हा फरक स्पष्ट सांगितलाय, फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की आधार न कळवता केलेली अटकच बेकायदेशीर ठरते आणि हे तपासायची जबाबदारी मॅजिस्ट्रेटवर आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलं की हे आधार लेखी हवेत, माणसाला समजणाऱ्या भाषेत हवेत, आणि लगेच देता आले नाहीत तर निदान रिमांडसाठी उभं करायच्या दोन तास आधी तरी हातात पडलेच पाहिजेत. आम्हाला मिळाले पंचवीस मिनिटं आधी, आणि तेही आधार नव्हेतच.

त्यात भर म्हणून, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहायची नोटीस द्यायची, हे २०१४ पासून सुप्रीम कोर्टाचं सांगणं आहे आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये नोटिशीची तरतूद आहे. आम्हाला नोटीस आली नव्हती. भाऊ रोज त्याच गोडाऊनला कामाला जात होता, कुठे पळाला नव्हता.

आणि मग वही. मॅडमनी माझं ते मागचं पान कोर्टापुढे ठेवलं, ९.४० नेलं, ११.१० ठाण्यात विचारणा, १.१५ परत, दुसऱ्या दिवशी १ ला वकील, आणि त्यांच्या अर्जावरची पोच, जी अटक दाखवलेल्या वेळेच्या आधीची होती. म्हणजे अटकेआधीच हा माणूस ठाण्यात होता हे पोलिसांच्याच शिक्क्याने सिद्ध होत होतं. शिवाय मागणी केली की ठाण्याच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायचा हुकूम व्हावा, कारण २ डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असायलाच हवेत. न्यायाधीश मॅडमनी तपासी अधिकाऱ्यांना विचारलं की शनिवारी रात्री हा कुठे होता. ते म्हणाले चौकशीला बोलावलं होतं, स्वखुशीने थांबला होता. मग न्यायाधीशांनी भावालाच विचारलं, तू थांबला होतास की थांबवला होतास? माझा भाऊ फार बोलत नाही. तो म्हणाला, "आईला फोन करू दिला असता तर थांबलो असतो."

पोलिसांनी पाच दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितली होती. कोर्टाने नाकारली आणि पंधरा हजारांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडलं, तपासाला बोलावतील तेव्हा हजर राहायचं ह्या अटीवर. जामीनदार शोधायला लागला नाही, नाहीतर आमच्याकडे सात-बारा नाही, घर भाड्याचं, सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) कुठून आणली असती. केस चालू आहे हे मी मुद्दाम सांगते. भाऊ निर्दोष आहे असं कोर्टाने म्हटलेलं नाही, तो प्रश्न त्या दिवशी नव्हताच. प्रश्न एवढाच होता की सरकारने माणूस धरताना स्वतःचे नियम पाळले का.

आमच्या शेजारच्या काकांनी मला विचारलं की उद्या खऱ्या चोराला पण असाच फुकट वकील मिळेल ना, आपल्या पैशाने? हो काका, मिळेल, आणि मिळायलाच पाहिजे, कारण त्या व्हरांड्यात उभं असताना खरा चोर आणि माझा भाऊ ह्यांच्यात फरक कुणालाच माहीत नसतो, तो पुढे खटल्यात ठरायचा असतो. काका मला अजूनही पटलंय असं म्हणाले नाहीत.

नंतर मी ह्याबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचत गेले. घटना समितीत आधी कलम २१ (तेव्हा त्याचा नंबर १५ होता) मंजूर झालं होतं, त्यात कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने माणसाचं स्वातंत्र्य काढून घेता येतं एवढंच होतं. बऱ्याच सदस्यांना हे टोचत होतं, कारण उद्या विधिमंडळाने कसलाही कायदा केला तर तीच पद्धत होईल. मग १५ सप्टेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी १५ अ हे नवीन कलम मांडलं, तेच आपलं आजचं २२. कारण सांगणे, वकील, २४ तास. ह्या गोष्टी तेव्हाच्या फौजदारी कायद्यात आधीपासून होत्याच, हे त्यांनी स्वतः सभेत सांगितलं होतं, पण संविधानात घातल्या की साध्या बहुमताने काढता येणार नाहीत, म्हणून घातल्या. हे वाचलं तेव्हा मी रडले, खरं सांगते. १९४९ मध्ये कुणीतरी बसून विचार केला होता की साधा कायदा पुरणार नाही, आणि तो विचार त्या सोमवारी ३.१० ला माझ्या भावाच्या कामी आला.

मोफत वकिलाची बाजू त्यानंतर हळूहळू भरत गेली. संविधानात मोफत कायदेशीर मदतीचं ३९ अ हे कलम १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलं. डिसेंबर १९८० मध्ये बिहारमधल्या भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात तेव्हापासून वकील द्यायचा, आणि पैसे नाहीत हे सरकारने सांगायचं नाही. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांमधल्या बायकांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून निकाल झाला, त्यात आहे की कुणाला अटक करून कोठडीत आणलं की पोलिसांनी लगेच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. पोलिसांनी कळवायचं! आम्ही कळवलं. चाळीसहून जास्त वर्षं झाली त्या निकालाला, आणि तो नंबर मला माझ्या कपाटातल्या पत्रकात शोधायला लागला.

सगळं गोड आहे असं पण नाही. त्याच कलम २२ मध्ये खाली स्थानबद्धतेची, म्हणजे पुढे गुन्हा करेल म्हणून खटल्याशिवायच आत ठेवायची, पोटकलमं आहेत. एमपीडीएसारख्या (गुंड वगैरेंना स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा) कायद्याखाली कुणाला स्थानबद्ध केलं तर २४ तासांचा आणि वकिलाचा हा हक्क त्याला लागू होत नाही, स्थानबद्धतेची कारणं कळवायची, त्याविरुद्ध निवेदन करू द्यायचं, आणि तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचं असेल तर सल्लागार मंडळाकडे जायचं एवढंच. मी मॅडमना विचारलं की भावाला तसं केलं असतं तर? त्या म्हणाल्या मग रस्ता हायकोर्टाचा, आणि वेळ फार लागतो. मला हे पटत नाही आणि पटणार पण नाही, ज्या कागदाने एका हाताने दिलं त्याच कागदाने दुसऱ्या ओळीत काढून घेतलं.

सेवेबद्दल राहिलेलं. मॅडमकडे त्या दिवशी रिमांडचे सहा जण होते, प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं, आणि त्यातल्या दोघांच्या घरचं कुणीच आलेलं नव्हतं. त्यांच्या हातात वही नव्हती, त्यांना पीसीआर झाली. माणसं वाढवायला हवीत, एवढ्या कमी लोकांत हे काम नीट होणार नाही. सुटका झाल्यावर पुढच्या तारखेला दुसरेच सहायक लोक अभिरक्षक आले, त्यांनी फाइल आदल्या संध्याकाळी बघितली होती, काम बरं केलं पण मला सगळं परत पहिल्यापासून सांगावं लागलं. तारीख बदलल्याचं कळवायची काही सोय नाही, मी ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस नंबर टाकून बघते, तुम्ही पण तेच करा. फोन दुपारी दोन ते अडीच ह्या जेवणाच्या वेळेत उचलतात, कोर्ट चालू असताना लावून चिडू नका.

जाताना कार्यालयात मी त्या कारकून दादांना पेढे दिले आणि कलम १२ ची यादी मोठ्या अक्षरात छापून काचेखाली लावा म्हटलं. ह्या आठवड्यात गेले होते तेव्हा लावलेली होती. पोलीस स्टेशनमधला बोर्ड अजून कपाटामागेच आहे, त्यासाठी मी प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावाने अर्ज दिलाय, पोच घेतलीय, वेळेसकट. उत्तर आलं की इथेच टाकते.